दोन अंगठ्यांचं खातं

शाळेत कायम झाल्यावर मी पोस्टात बचत खातं उघडायला गेले, तेव्हा आत्या सोबत होती. ती मुद्दाम आली नव्हती. आम्ही बाजारातून परतत होतो, ऊन फार लागत होतं, म्हणून ती सावलीला आत आली आणि भाजीची पिशवी मांडीशी घेऊन भिंतीला टेकून बसली. मी खिडकीपाशी उभी राहून अर्ज भरला. बालाघाटात घरात मराठी आणि बाहेर हिंदी हे आमचं ठरलेलंच होतं, त्यामुळे अर्जही हिंदीतच भरला. बाबूनं शिक्का मारला, पुस्तक माझ्या हातात दिलं, आणि आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "आमचंही होतं एक खातं."

मला वाटलं, ती कोणाशी तरी बोलायचं म्हणून बोलली. पण बाबूनं ते ऐकलं. मोकळा होता तेव्हा, खिडकीवर कोणी नव्हतं. त्यानं विचारलं, कुठं होतं, कधीचं. आत्यानं सांगितलं, खाणीवरच्या पोस्टात, लढाईच्या दिवसांत. तो म्हणाला, ते पोस्ट कधीच बंद झालं, त्याचं सगळं दप्तर इथं येऊन पडलंय, बघतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं सासर लांजीकडच्या एका खेड्यात. दुसऱ्या महायुद्धात मँगनीजला मागणी वाढली आणि बालाघाटजवळच्या खाणीवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा ती दोघं नवरा-बायको कामाला आली. तो खाली खड्ड्यात सब्बलीनं खडक फोडायचा. ती वर, उन्हात, इतर बायकांबरोबर हातोडीनं दगड फोडून चांगला माल निवडायची. मूलबाळ नव्हतं. खाणीवरच्या कोणा साहेबानं मजुरांना पोस्टात पैसे टाकायची सवय लावली होती, म्हणून या दोघांनीही दोघांच्या नावानं खातं काढलं आणि दर पगाराला थोडं थोडं टाकत गेली. लांजीकडं धानाची जमीन घ्यायची, असं त्यांच्या मनात होतं.

मग एका फागुनात तो गावाला जाऊन येतो म्हणून गेला आणि आलाच नाही. माझ्या वडिलांनी चौकशी केली. कोणी म्हणे आसामात चहाच्या मळ्यावर गेला, कोणी म्हणे कलकत्त्याला. वर्ष-दीड वर्षानं तिच्या सासरहून निरोप आला की तो तिकडंच हैज्यानं गेला. आत्याच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि वडील तिला आमच्या घरी घेऊन आले. मी तेव्हा चार-पाच वर्षांची होते. त्याच सुमारास माझी आई गेली, आणि पुढं मला आत्यानंच वाढवलं. आमच्यात विधवेनं पाट लावायला, दुसरं घर करायला कोणाची हरकत नसे. तिला दोन-तीन ठिकाणांहून विचारणंही झालं होतं. तिनं नको म्हटलं. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. पुढं आम्ही सगळे बौद्ध झालो, घरातले देव वैनगंगेत नेऊन सोडले, पुष्कळ जुन्या रीती सुटल्या. आत्याचं कपाळ मात्र तसंच राहिलं.

माझं लग्न झालं, वडील वारले, आणि आत्या माझ्याकडे राहायला आली. माझे यजमान जंगल खात्याच्या डेपोत मुन्शी होते. गावाच्या कडेला एक तुकडा घेऊन आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. पदरी एक मूल होतं, दुसरं होणार होतं. आत्याशिवाय माझी नोकरी टिकलीच नसती. पण ती घर जावयाचं मानायची. यजमान आत आले की पदर ओढून उठायची, सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी जेवायची. पावसाळ्यातही ओसरीतच निजायची. मी कितीदा बोलले, यजमानही बोलले. ती हौ म्हणायची आणि पुन्हा तेच.

पंधरा-वीस दिवसांनी मी शाळेतून येताना पोस्टात डोकावले, तर बाबूनं स्वतःहून हाक मारली. खातं सापडलं होतं, आणि पैसे होते. ज्या महिन्यात तिचा नवरा गेला त्या महिन्यापासून एकही पैसा आला नव्हता की गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आत्याला घेऊन गेले. बाबूनं तिला तेच सांगितलं. ती बाकावर बसली. मग तिनं मला विचारलं, "त्यानं नाई काढले?"

वीस वर्षं ती धरून होती की खात्यातला सगळा पैसा घेऊनच तो गेला. पुस्तक त्याच्यापाशी होतं. म्हणून तिनं कधी चौकशीच केली नव्हती.

"दोनों के अंगूठे का खाता है, अम्मा," बाबू म्हणाला. "अकेला आदमी निकाल नहीं सकता."

म्हणजे आता एकतर दोघांनी यायचं, नाहीतर एक जण मेल्याचा कागद आणायचा. आत्याला ते सोपं वाटलं. तो मेला हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. घरी येताना ती म्हणाली, "मेलेल्या माणसाले म्या उगाच शिव्या देल्या." त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मला वाटतं, तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

सोपं मात्र काहीच नव्हतं. गावातल्या मरणाची नोंद कोतवालाकडे असते, पण हा मेला परमुलखात. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाला सांगता येईना. कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसानं सांगितलं की सख्ख्या भावानं शपथेवर लिहून दिलं आणि पंचायतीनं त्यावर शिक्का मारला, तर काम होईल. त्यानं कागद करूनही दिला. मग धान कापून झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघी लांजीच्या बसमध्ये बसलो. सहा महिन्यांची मुलगी माझ्या मांडीवर होती. बसमधून उतरून बांधाबांधानं बरंच चालावं लागलं. आत्या वीस वर्षांनी सासरी जात होती आणि वाट तिला पाठ होती.

तिचा दीर खळ्यावर होता. धानाची मळणी चालली होती. त्यानं आम्हाला ओळखलं, घरी नेलं, पाणी दिलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं आणि कागद पुढं केला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं तो कागद बराच वेळ हातात धरला, उलटा-सुलटा केला. आधी म्हणाला, उद्या पाहू. मी म्हटलं, उद्या माझी शाळा आहे. तेव्हा त्यानं कागद खाटेवर ठेवला. अंगठा लावणार नाही म्हणाला. का, ते सांगितलं नाही. बैल सोडायचे आहेत म्हणून उठून निघून गेला.

आत्या म्हणाली, याला वाटा पाहिजे असेल. मलाही तसंच वाटलं. आम्ही निघालो, तर तिची जाऊ आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. म्हातारी झाली होती, हळू चालत होती. गाव मागं पडेपर्यंत तिनं धानाच्या, पाण्याच्या गोष्टी केल्या. मग बांधावर थांबली आणि आत्याकडे न बघता म्हणाली, "जित्या माणसाच्या मरनावर अंगठा कसा लावावं, बाई?"

मी लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, एवढं आठवतं. जावेनं मग सगळं सांगितलं. तो मेला नव्हता. आसामलाही गेला नव्हता. बिरसाकडे जंगलात गेला होता, ठेकेदाराच्या कामावर, आणि तिथंच एका बाईबरोबर राहिला. घरच्यांना ते वर्षभरानं कळलं. तेव्हा सासऱ्यानं ठरवलं की सुनेला मेला म्हणून सांगायचं. नवरा दुसरीजवळ आहे म्हटलं असतं, तर ती वाट बघत बसली असती. मेला म्हटलं की पाट लावेल, कुठंतरी नांदेल, असं त्यांना वाटलं. "आमी वाट पाहून राह्यलतो तुह्या पाटाची," जाऊ म्हणाली. "तू काहून नाई लावला?"

आत्यानं जावेच्या हाताला हात लावला आणि पुढं चालायला लागली.

बसमध्ये गर्दी होती. तिला जागा मिळाली, मला मिळाली नाही, म्हणून मुलगी तिच्याजवळ दिली. अर्ध्या वाटेवर तिनं मान वर करून मला विचारलं, घरी दूध सांगून ठेवलं होतं की नाही. बालाघाट येईपर्यंत ती एवढंच बोलली.

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. ती सगळी कामं करत होती, पण हळू. भात उतू जायचा आणि ती समोर बसलेली असायची. मी थकले होते. सकाळची शाळा, अंगावर पिणारं लेकरू, मोठ्याला गोवर निघालेला. यजमान म्हणाले, आता हा विषय सोडून द्या, जे गेलं ते गेलं. मलाही तेच पाहिजे होतं. मी तिला म्हटलं, आत्या, तुला इथं काही कमी आहे का? कशाला त्या पैशापायी जीव शिणवून घेतेस?

तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं की तिला मागच्या अंगणात एक खोली पाहिजे होती. स्वतःची. स्वतःच्या पैशाची. दार लावता येईल अशी. चूल वेगळी नको, पण दार पाहिजे.

मी म्हटलं, त्यासाठी त्याला शोधावं लागेल.

"मले त्याचा अंगठा पाहजे, बाई," ती म्हणाली. "तो नको."

शोधायला फार वेळ लागला नाही. बिरसाकडून डेपोत लाकडाचे ट्रक यायचे. यजमानांनी एका ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं तिकडच्या गार्डाला विचारलं, आणि आठ-दहा दिवसांत ठिकाण कळलं. जंगल खात्याच्या नर्सरीत पाणी घालायच्या कामावर होता. म्हणजे तो आणि माझे यजमान एकाच खात्याचा पगार खात होते. निरोप गेला. येतो म्हणून उलट निरोप आला.

तो आला नाही. आम्ही बसस्टँडवर संध्याकाळपर्यंत थांबलो, बिरसाहून बैहरमार्गे येणारी शेवटची गाडीही बघितली. पुन्हा निरोप पाठवला, पुन्हा थांबलो. त्या दुसऱ्या वेळी मी शाळेतून रजा काढली होती आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली होती. घरी येताना मी आत्यावर चिडले. ती म्हणाली, तू नको येऊ, मी एकटीच येत जाईन. ते ऐकून मला आणखी राग आला आणि तिसऱ्या वेळीही मी गेले.

तिसऱ्या वेळी तो उतरला. खात्यानं दिलेला खाकी सदरा अंगात ढगळ झाला होता, पायात टायरच्या चपला. केस पांढरे. मी त्याला कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे मला काही ओळखायचं नव्हतं. आत्यानं ओळखलं. ती उठली नाही, पदरही ओढला नाही. तो समोर येऊन उभा राहिला. त्यानं आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कपाळाकडे, मग हातांकडे. मग खाली बघून विचारलं, "तुले कोन सांगतलं मी मेलो म्हून?"

"तुह्याच घरानं."

त्याला ते माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून माझी खात्री पटली की त्याला खरंच माहीत नव्हतं. तो आपला एवढी वर्षं समजून होता की ती त्याला शिव्या देत कुठंतरी असेल, नाहीतर दुसऱ्या घरी गेली असेल. आपल्या नावानं कोणी बांगड्या फोडल्या असतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला काय म्हणून हाक मारायची हे मला कळेना. मी नुसतं चला म्हटलं आणि आम्ही पोस्टाकडे निघालो. तो पुढं, आत्या दहा पावलं मागं आणि मी मध्ये.

त्याच्यापाशी राहिलेलं पुस्तक उधईनं खाल्लं होतं म्हणे, त्यामुळे ते नव्हतं. बाबूनं दोघांचे अर्ज केले आणि अंगठे घेतले. त्याचा अंगठा नीट उमटला. आत्याचा उमटेना. दगड फोडताना हातोडी बसून बसून तिच्या अंगठ्याचं टोक चपटं झालं होतं, नखाखालून एक जुना घाव गेला होता. बाबूनं घासलेटच्या बोळ्यानं पुसून पुन्हा घेतला, पुन्हा पुसून पुन्हा घेतला. तिचा नवरा बाजूला उभा राहून त्या अंगठ्याकडे बघत होता. काम झाल्यावर तो बसस्टँडकडे गेला.

मग कागद फिरायला लागले. आमचा जिल्हा पूर्वी नागपूरकडे बघायचा. राज्यं नवी झाली तेव्हा आमची माणसं, सोयरीक, बोली सगळी त्याच बाजूला राहिली आणि कचेऱ्या भोपाळकडे गेल्या. आत्याच्या खात्याचे जुने अंगठे नागपूरकडे होते आणि मंजुरी द्यायची दुसऱ्यांनी. शनिवारी शाळा लवकर सुटायची. तिथून मी पोस्टात जायचे. बाबू मला दारातच बघून मान हलवायचा, म्हणजे मी खिडकीपर्यंत न जाता तशीच वळायचे. एक पावसाळा असाच गेला. मग त्या बाबूची बदली झाली. नव्या बाबूला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, की खातं दोघांचं आहे, की नवरा मेला होता, की तो मेलेला नाही, की दोघं वेगळे राहतात. मागं रांगेत उभी असलेली माणसं ऐकायची. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. पुढं पुढं मी भाजीचा भाव सांगावा तसं ते सांगायला लागले.

आत्या मात्र विचारत नसे. शनिवारी मी घरी आले की माझ्या तोंडाकडे बघायची आणि ताट वाढायला घ्यायची. एकदा मीच म्हटलं, होईल गं. ती म्हणाली, "झालं तर झालं. तू दमून राह्यली माह्यापायी." मला त्यावर नाही म्हणता आलं नाही. दमले होतेच.

मंजुरी आली ती पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. पैसे घ्यायला पुन्हा दोघं पाहिजे होते. या वेळी तो पहिल्याच निरोपाला आला. खिडकीवर गर्दी होती, म्हणून आम्ही तिघं बाकावर बसलो, आत्या या टोकाला, तो त्या टोकाला. शेवटी आत्यानंच विचारलं. आवाज चढवला नाही, समोर बघत विचारलं की पुस्तक कशाला नेलं होतं.

तो खोटं बोलला असता तर मला नवल वाटलं नसतं. तो खरं बोलला. त्या बाईचं आणि त्याचं आधीपासून होतं. ती खाणीवरच कामाला होती आणि तिच्या माणसांनी तिला बिरसाकडे नेलं होतं. तिला घेऊन कुठंतरी जायचं म्हणून त्याला पैसे पाहिजे होते. गावाला जातो सांगून तो आधी खाणीवरच्या पोस्टातच गेला होता. तिथल्या बाबूनं बायकोला घेऊन ये म्हणून सांगितलं. "तिथूनच घरी आलो असतो," तो म्हणाला, "पन मग तुले काय सांगतलं असतं? चालत गेलो तसाच."

"मले मांगतले असते तं देल्ले असते म्या," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हातांचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. रडला वगैरे नाही. एवढ्यात बाबूनं बोलावलं.

पैसे व्याजासकट मिळाले. लढाईच्या काळात त्या मुद्दलात लांजीकडं एक-दीड एकर धानाची जमीन आली असती. आता व्याज धरूनही एक बरी म्हैस आली असती, तेवढेच. आत्यानं नोटा पदरात बांधल्या. तो म्हणाला, मला काही नको, सगळे तिचेच. मला बरं वाटलं. पण बसस्टँडवर पोचल्यावर तो घुटमळायला लागला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, घरची आजारी आहे, दवाखान्याला काही मिळालं तर. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला काहीतरी बोलणार होते. आत्यानं पदराची गाठ सोडली. तिनं नोटांचे दोन भाग केले, एक त्याच्या हातावर ठेवला. त्यानं न मोजता खिशात घातला आणि गाडीत चढला.

सबंध रस्ता मी बोलत होते. तिला कोणी सांगितलं होतं द्यायला, त्याला देणं म्हणजे त्या बाईला देणं, वगैरे. सायकल रिक्षा केली होती मी त्या दिवशी, आत्याचे पाय दुखत होते म्हणून. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "खड्ड्यात त्यानंही घाम गाळलता. तो काई चोर नोयता, काम करे तवा." आणि थोड्या वेळानं, "आता त्याचं माह्याकडं काई नाई."

उरलेल्या पैशात खोली होणार नव्हती, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. ज्या दिवशी आत्याला ते खातं आठवलं, त्या दिवशी उघडलेल्या माझ्या खात्यातले थोडे काढले, तर ती घेईना. मग यजमानांनी तिला समजावलं की जागा घराची आहे, तर भिंत घराची धरा, छप्पर आणि दार तुमचं. हा हिशेब तिला पटला. मातीच्या भिंती उठल्या. छपराचे कवेलू आत्याच्या पैशाचे आले. दार सागाचं केलं, जरा जास्तच जाड, यजमानांच्या ओळखीनं डेपोतून स्वस्तात फळ्या मिळाल्या म्हणून. कडी बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून.

एवढ्या दिवसांत गोष्ट वस्तीत पसरली होती. आजूबाजूच्या बायका यायच्या, खोली बघायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, आता तर तुमचा माणूस जिता आहे, आता कुंकू लावायला काय हरकत? काही जणी थट्टेनं म्हणायच्या, काही खरंच. एकीनं तर हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. आत्यानं त्या घेतल्या आणि माझ्या मुलीसाठी ठेवून दिल्या. मला ती एकदा म्हणाली की जवानीत पुसलं, तेव्हा रडले होते, आता म्हातारपणी लावू कशाला. त्या दोन्हीत त्या माणसानं काही केलंच नाही, दोन्ही वेळी लोकांनीच केलं. एवढं बोलून ती तांदूळ निवडायला लागली.

शेण-मातीनं सारवून जमीन वाळली, तशी एका रविवारी तिनं आपली गोधडी, एक ट्रंक आणि पाण्याचं मडकं खोलीत नेलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, बस झालं आता, जा तू. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. तिनं दार लोटलं आणि आतून कडी घातली. दुपारच्या जेवणाला ती आली नाही. मी दाराशी जाऊन हाक मारली, उत्तर आलं नाही. मला धास्ती वाटली. फटीतून बघितलं तर भिंतीकडे तोंड करून निजली होती, पाय लांब सोडून. घोरत होती. एवढ्या वर्षांत मी तिला दिवसा निजलेली कधी बघितली नव्हती. यजमान म्हणाले, राहू द्या, उठवू नका. मुलांना मी पुढच्या अंगणात पिटाळलं आणि तिच्या वाटचं ताट झाकून ठेवलं.